चौकटीवाचून उभी काच

छत मागे दुमडून ठेवता येते अशा जुन्या मोटारीच्या दरवाजाची काच वर चढताना अडखळू लागली, अथवा तिच्या कडेने पावसाचे पाणी आत झिरपू लागले, म्हणजे धन्याचा पहिला रोष काचेवर होतो. परंतु या काचेचा पूर्वेतिहास ज्याने समजून घेतला, त्याला असा एकतर्फी निवाडा करवत नाही. बंद मोटारीची काच पोलादी चौकटीत सुरक्षित असते. उघड्या मोटारीत मात्र दरवाजाच्या पोटातील यंत्रणेने केवळ खालून धरलेली काच मोकळ्या हवेत उभी राहते आणि कापडी टपाच्या कडेच्या रबराला तिने अचूक भिडावे, अशी अपेक्षा असते.

प्रारंभी ही अपेक्षा कोणी केलीच नव्हती. विसाव्या शतकाच्या आरंभीच्या उघड्या मोटारींना पावसापुरते अडकवावयाचे पडदे असत आणि बाहेरचे दिसावे म्हणून त्यांत सेल्युलॉइडचे तुकडे बसवीत. ते कालांतराने पिवळे पडत आणि तडकत. अमेरिकेत 1929 साली फोर्ड कंपनीने मॉडेल-ए मालिकेत कॅब्रिओले आणली, तेव्हा त्याच मालिकेतील रोडस्टर पडद्यांवरच राहिली आणि कॅब्रिओलेला मात्र हँडल फिरवून चढणारी खरी काच लाभली. इंग्लंडातील हलक्या, वेगवान मोटारींनी पडद्यांचा दस्तूर पुष्कळ काळ चालविला. 1955 साली आलेल्या एमजीए रोडस्टरच्या दरवाजाला बाहेरून मूठदेखील नव्हती. हात आत घालून दोरी ओढली की दरवाजा उघडे. 1962 साली तिची जागा एमजीबीने घेतली, तेव्हा कोठे वर-खाली होणारी काच या रोडस्टरच्या वारसाला लाभली.

दरम्यान अमेरिकेत 1940 साली पॅकार्ड कंपनीने तेलाच्या दाबावर चालणाऱ्या काचांची तजवीज केली होती. 1949 साली जनरल मोटर्सने ब्यूइक रोडमास्टर रिव्हिएरासारख्या गाड्यांत पक्के छत आणि चौकटरहित काच यांचा संयोग घडविला, आणि उघड्या मोटारीची ही नाजूक समस्या पक्क्या छताखालीही नांदू लागली.

या समस्येवर योजलेला तोडगा मोठा विचारपूर्वक होता. काचेला वाट दाखविणाऱ्या पट्ट्यांचे बोल्ट लांबट भोकांत बसविलेले असत, जेणेकरून काच पुढे-मागे सरकविता यावी. पट्टीचे खालचे टोक बाहेर ढकलले की काचेचा माथा आत झुके, आणि काच किती उंच चढावी याची मर्यादा अटकावाचा निराळा तुकडा ठरवी. परंतु या सर्व सोयींचा उपयोग क्रम पाळणाऱ्यालाच होतो. छताचा आधार नसल्यामुळे उघड्या मोटारीचा सांगाडा वयोमानाने किंचित वाकतो, बिजागऱ्या झिजून दरवाजा खाली उतरतो, आणि मग निर्दोष काचही वाकडी भासते. म्हणून प्रथम दरवाजाच्या फटी सारख्या कराव्या, टप चढवून पुढल्या काचेच्या माथ्याशी घट्ट अडकवावा, नंतर पुढची त्रिकोणी खिडकी असल्यास ती जागेवर आणावी, तिच्या अनुरोधाने मुख्य काच, आणि अखेरीस मागची छोटी काच जुळवावी. हा क्रम उलटा केला, तर प्रत्येक दुरुस्ती आधीच्या दुरुस्तीस बाध आणते.

जुनी मोटार ज्यांनी ममतेने सांभाळली आहे त्यांना इतकीच विनंती की, काचेचा एकही बोल्ट सैल करण्यापूर्वी त्याच्या मूळ जागेची खूण करून ठेवावी, वॉशर ज्या क्रमाने निघाले त्याच क्रमाने जपावे, आणि काच जोराने ओढण्याआधी दरवाजा किंचित उचलून बिजागरीचा खेळ तपासावा. काचेचा म्हणून जो दोष आपण समजतो, तो बहुधा तिच्या शेजाऱ्यांचा असतो.