वर्गणी, ग्रंथदिंडी आणि पंगत : सीमाभागाने आपला वाचकसमाज कसा राखला

सीमारेषा आम्हां शहापूरकरांना 1956 साली प्रथमच दिसली, असे नाही. संस्थानी काळात शहापूर सांगलीच्या पटवर्धनांच्या राज्यात होते. त्याला लागूनच असलेले बेळगाव थेट इंग्रजी अमलाखाली होते. आमची राजधानी शंभर किलोमीटरांहून दूर, आणि बाजारपेठ हाकेच्या अंतरावर! मार्च 1948 मध्ये दक्षिणेतील संस्थाने मुंबई प्रांतात विलीन झाली, तोवर ही स्थिती होती. पण शहापूरचा विणकर आणि बेळगावचा व्यापारी यांना आपण दोन राज्यांचे रहिवासी आहोत, याची अडचण कधी वाटली नाही. राज्ये दोन होती. समाज एक होता. तो कशाच्या आधारावर एक राहिला, हे आज तपासून पाहणे आम्हांस अगत्याचे वाटते.

पहिला आधार वाचनालयांचा. बेळगावचे सार्वजनिक वाचनालय आणि शहापूरचे सरस्वती वाचनालय या संस्था कोणा एका धनिकाच्या मर्जीवर नव्हे, तर सभासदांच्या वर्गणीवर वाढल्या. वर्गणीची रक्कम लहान असते, पण ती दरमहा द्यावी लागते. म्हणून माणूस दरमहा उंबरठा ओलांडतो. वर्तमानपत्राच्या मेजाभोवती त्याची इतरांशी ओळख होते, मतभेद होतात, आणि दुसऱ्या दिवशी तो पुन्हा येतो. समाज घडतो तो या 'पुन्हा येण्यातून'. ज्या बेळगावात इंदिरा संत यांनी आयुष्यभर कविता लिहिली आणि जी. ए. कुलकर्णी यांचे बालपण गेले, त्या बेळगावची वाचनाची भूक अशा मेजांभोवतीच वाढली.

दुसरा आधार ठरलेल्या तिथींचा. मे 1946 मध्ये ग. त्र्यं. माडखोलकर यांच्या अध्यक्षतेखाली बेळगावात साहित्य संमेलन भरले आणि तेथे संयुक्त महाराष्ट्राचा ठराव झाला. पुढे दहा वर्षांनी 1 नोव्हेंबर 1956 रोजी आम्ही म्हैसूर राज्यात गेलो. तेव्हापासून 17 जानेवारी हा 1956 च्या हुतात्म्यांचा दिवस, 1 नोव्हेंबर हा काळा दिवस, आणि 1986 च्या कन्नडसक्तीविरोधी आंदोलनानंतर 1 जून हा हिंडलग्याच्या स्मारकापाशी जमण्याचा दिवस झाला. बॅरिस्टर नाथ पै यांनी 17 जानेवारी 1971 रोजी बेळगावात हुतात्म्यांना अभिवादन करणारे भाषण केले, आणि त्याच रात्री त्यांचे हृदय थांबले. शहापुरातील चौकाला त्यांचे नाव आहे, हे केवळ नामकरण नव्हे.

परंतु केवळ दुःखाच्या तिथींवर समाज टिकत नाही, हे सीमाभागातील खेड्यांनी आमच्याआधी ओळखले. कडोलीने तीन दशकांहून अधिक काळ दरवर्षी मराठी साहित्य संमेलन भरवले. उचगाव, येळ्ळूर, बेळगुंदी, कुद्रेमानी, सांबरे, आणि निपाणीकडील कारदगा या गावांनीही हीच वाट धरली. सुगी आटोपली, की संमेलनांचा हंगाम सुरू होतो. सकाळी ग्रंथदिंडी निघते. पालखीत ज्ञानेश्वरी, पुढे लेझीम आणि टाळमृदंग. दारोदारी रांगोळ्या असतात. मग उद्घाटन, अध्यक्षीय भाषण, कथाकथन, कविसंमेलन. आणि मध्ये पंगत.

या पंगतीकडे आम्ही विद्वज्जनांचे लक्ष वेधू इच्छितो. ज्याने जन्मात कविता वाचली नाही, तोही तेथे वाढप्याचे काम करतो, मांडव बांधतो, पाहुण्यांना घरी उतरवून घेतो. त्यामुळे संमेलन 'त्या लेखकांचे' न राहता गावाचे होते. एखादे वर्षी परवानगीसाठी हेलपाटे पडतात, निमंत्रित पाहुणा पोहोचू शकत नाही. तरी मांडव पडतोच, कारण तो एका माणसाच्या उत्साहावर उभा नसतो. कामे अनेक हातांत वाटलेली असतात.

ही युक्ती आमच्याच मातीतली आहे असे नाही. वेल्समध्ये वेल्श भाषेचा 'आयस्टेडफॉड' हा वार्षिक उत्सव भरतो. 1861 पासून त्याला राष्ट्रीय रूप आले. तो दरवर्षी जागा बदलतो; ज्या भागात भरायचा, तेथील लोक आधीपासून निधी जमवतात आणि समित्या नेमतात. एका बलाढ्य भाषेच्या शेजारी राहणाऱ्या लहान भाषेने आपल्या माणसांना दरवर्षी नवे काम दिले, हे त्यातील मर्म आहे.

आता आमच्यापुढील प्रश्न. सर्वोच्च न्यायालयात 2004 सालापासून दावा प्रलंबित आहे; त्याचा निकाल आमच्या हाती नाही. वाचनालयाचे मेज मात्र आमच्या हाती आहे, आणि त्याभोवती आज बहुतेक डोकी पांढरी दिसतात. कविसंमेलनात श्रोते पुष्कळ असतात, पण व्यासपीठामागच्या कामाला तीच ती माणसे धावतात. आंदोलनाने माणसे एका दिवसात गोळा होतात. त्यांना वर्षभर बांधून ठेवते ते नेमून दिलेले काम. आम्ही तरुणांना घोषणा द्यायला बोलावले, हिशोबाची वही मात्र क्वचितच त्यांच्या हाती दिली. हा दोष शासनाचा नाही, आमचा आहे.

म्हणून सीमेच्या अलीकडील आणि पलीकडील मराठी बांधवांना आमची विनंती इतकीच, की यंदाच्या सुगीनंतर आपापल्या गावचे एक काम विशीतल्या एका मुलाकडे किंवा मुलीकडे पुरतेपणी सोपवावे. ते चुकेल, तर चुकू द्यावे. दोन राज्यांत राहूनही शहापूर-बेळगाव एक राहिले, ते रोजच्या येण्याजाण्यामुळे. ते येणेजाणे थांबले, तर अनुकूल निकालही एका रिकाम्या मांडवातच वाचला जाईल.