यंत्राचा हात आणि यंत्राचा डोळा

ताम्रपट कोरणाऱ्या जुन्या कारागिरास आरंभ कोठून करावा हा प्रश्न कधीं पडला नाहीं. दानाचा मजकूर लेखक पुष्कळदां प्रथम शाईनें पत्र्यावर लिहून देई आणि कोरणारा त्या अक्षरांवरून छिन्नी चालवी. पत्रा किंचित् तिरपा ठेवला गेला तरी काम बिघडत नसे. कारण छिन्नी टेकावयाची जागा डोळ्यांस दिसे, आणि डोळ्यांनीं पाहिलेलें हातास तत्काळ कळे. आज लेसर किरणानें लाकूड, कातडें किंवा ॲक्रिलिक यांवर नक्षी कोरणारीं यंत्रें लहानशा दुकानांतहि दिसतात. त्यांच्या हाताची सफाई कसलेल्या कारागिरासहि लाजवील. परंतु या हाताला जन्मतः डोळा नाहीं. हात आणि डोळा यांची ताटातूट कशी झाली, आणि त्यांची पुन्हां गांठ घालण्यास काय काय करावें लागलें, हा कोरीव कामाच्या इतिहासांतील एक उद्बोधक भाग आहे.

या ताटातुटीचें एक जुनें उदाहरण रंगीत छपाईंत सांपडतें. फ्रान्समध्यें १८३७ सालीं एंगेलमान यानें रंगीत शिळाछापाचें पेटंट घेतलें. त्या पद्धतींत प्रत्येक रंगाला निराळी शिळा असे आणि एकच कागद त्या सर्व शिळांवरून जाई. राजा रविवर्मा यांनीं १८९४ सालीं मुंबईस गिरगांवांत छापखाना काढला, तेव्हां तेथेंहि हीच कसोटी होती. कागद केसभर सरकला तर लक्ष्मीच्या ओठांचा रंग ओठांबाहेर जावयाचा! त्यासाठीं चित्राच्या कडेस खुणा ठेवून प्रत्येक शिळेशीं कागदाचा मेळ जमवावा लागे. छापखान्यांत याला ‘रजिस्टर’ म्हणतात. चित्र बरोबर उतरणें हें आतां कडेवरील खुणांवर अवलंबून राहिलें.

खुणेच्या जागीं अंक आणण्याचा मार्ग याहूनहि जुना आहे. देकार्त या फ्रेंच तत्त्वज्ञानें १६३७ सालीं प्रसिद्ध केलेल्या भूमितीवरील ग्रंथानें आकृतींना बीजगणिताची भाषा दिली. एका ठरलेल्या जागेपासून उजवीकडे इतकें आणि वर इतकें, एवढें सांगितलें कीं बिंदु सांपडतो, ही दृष्टि त्या मार्गानेंच पुढें रूढ झाली. परंतु हे अंक यंत्राला चालवूं लागण्यास तीनशेंहून अधिक वर्षें जावीं लागलीं. हेलिकॉप्टरचीं पातीं घडविण्याच्या कामांतून जॉन पार्सन्स या अमेरिकन गृहस्थांना ही कल्पना सुचली. अमेरिकन वायुदलानें १९४९ सालीं त्या कामास पैसा दिला. आणि १९५२ सालीं मॅसॅच्युसेट्स येथील तंत्रविज्ञान संस्थेनें, छिद्रें पाडलेल्या फितीवरील अंकांप्रमाणें चालणारें धातु कापण्याचें यंत्र लोकांस दाखविलें. यंत्र आतां आकृति पाहात नव्हतें; तें केवळ अंक मोजीत होतें.

या मोजणाऱ्या हातांत पुढें प्रकाशाची छिन्नी आली. थिओडोर मायमन यांनीं १६ मे १९६० रोजीं माणकाच्या कांडीपासून पहिला लेसर किरण मिळविला. लाकूड व कातडें कोरण्यास अत्यंत सोईचा ठरलेला कार्बन डायॉक्साइड वायूचा लेसर मात्र १९६४ सालीं बेल प्रयोगशाळेंत जन्मास आला, आणि त्याचे जनक महाराष्ट्रांतील होते. कुमार पटेल यांचा जन्म १९३८ सालीं बारामतीस झाला व त्यांनीं अभियांत्रिकीची पदवी पुण्यास घेतली. त्यांच्या लेसरच्या किरणाची तरंगलांबी सुमारें १०.६ मायक्रोमीटर, म्हणजे डोळ्यांस दिसणाऱ्या तांबड्या प्रकाशाच्या पंधरापटींच्या आसपास आहे. म्हणून तो किरण दिसत नाहीं. यंत्र आंधळें आणि त्याची छिन्नी अदृश्य! कित्येक यंत्रांत जागा दाखविण्यासाठीं निराळा तांबडा ठिपका टाकतात तो यामुळेंच.

अशा यंत्राला प्रथम आरंभबिंदु सांगावा लागतो. कारखान्यांत याला नुसता ‘झिरो’ म्हणतात. परंतु झिरो एकच नसतो, आणि बहुतेक घोटाळ्यांचें मूळ येथेंच आहे. पहिला झिरो यंत्राचा. सुरू होतांच यंत्राचें डोकें एका कोपऱ्यांतील कळीस जाऊन टेकतें आणि तेथून पावलें मोजूं लागतें. ज्या यंत्रांस अशी कळ नसते, तीं सुरू होतांना डोकें जेथें असेल तीच जागा शून्य मानतात. मध्येंच कोणीं डोक्याला धक्का दिला तर पावलें चुकतात आणि यंत्राला त्याचा पत्ताहि लागत नाहीं. दुसरा झिरो कामाचा, म्हणजे मांडलेल्या फळीवर कारागिरानें ठरविलेली जागा. तिसरी गोष्ट आकृतीची: आकृतीचा कोणता बिंदु त्या जागीं ठेवावयाचा, डावा कोपरा कीं मध्य?

समजा, दारावर लावावयाची सागवानी पाटी ३० सेंटिमीटर लांब व १० सेंटिमीटर रुंद आहे आणि आकृतीहि तेवढीच आहे. कारागिरानें झिरो पाटीच्या कोपऱ्यावर घेतला, पण आकृतीचा मध्य धरला. मग आकृतीचा केवळ चौथा हिस्सा पाटीवर पडेल आणि बाकीची तीन चतुर्थांश नक्षी पाटीबाहेर जळेल. शाईचें अक्षर पुसतां येतें. जळालेलें लाकूड पूर्ववत् होत नाहीं.

या अडचणीवर यंत्राला कॅमेऱ्याचा डोळा बसविण्याचा उपाय निघाला. पाटी पडद्यावर दिसावी आणि आकृति तिच्यावर ठेवावी, इतकें तें सोपें वाटतें. परंतु जवळून सर्व टेबल पाहणारें भिंग सरळ रेषा वांकड्या दाखवितें. झेंगयू झांग यांनीं २००० सालीं प्रसिद्ध केलेली रीत येथें उपयोगी पडते: बुद्धिबळाच्या पटासारखा नमुना निरनिराळ्या कोनांतून पाहून गणितानें भिंगाचा दोष काढावयाचा. त्यानंतर दुसरी पायरी. यंत्र पुठ्ठ्यावर ठराविक जागीं खुणा जाळतें; पुठ्ठा न हलवितां कॅमेरा त्यांचें छायाचित्र घेतो; कारागीर चित्रांत त्या खुणा दाखवून देतो. अशा चार खुणा जुळल्या कीं डोळ्याचे अंक हाताच्या अंकांशीं जोडले जातात.

हा मेळ मात्र एकाच उंचीपुरता खरा असतो. टेबलापासून ५०० मिलिमीटर उंचीवर कॅमेरा आहे व मेळ टेबलाच्या पातळीवर घेतला आहे असें धरूं. त्यावर २० मिलिमीटर जाड फळी ठेवली, तर कॅमेऱ्याच्या थेट खालच्या जागेपासून २०० मिलिमीटर दूर असलेला तिचा बिंदु सुमारें ८ मिलिमीटर बाहेर सरकलेला दिसेल. म्हणून खुणा जाळण्याचा पुठ्ठा फळीच्याच उंचीवर ठेवावा लागतो. कॅमेरा झांकणांत बसविलेला असेल तर झांकण दर वेळीं त्याच जागीं थांबलें पाहिजे.

इतकें सर्व करूनहि अनुभवी कारागीर किरण सोडण्यापूर्वीं यंत्राचें डोकें आकृतीच्या चौकटीभोंवतीं एकदां नुसतें फिरवून घेतो, आणि तांबडा ठिपका पाटीच्या कडेच्या आंत राहतो कीं नाहीं हें स्वतः पाहतो. काम मोलाचें असेल तर पाटीवर कागदी पट्टी चिकटवून तिच्यावर अगदीं मंद किरणानें खूण उमटवून घेतो. ताम्रपटाच्या लेखकाची शाई तेवढ्यापुरती पुन्हां कामास येते, आणि शेवटचा होकार माणसाचाच डोळा देतो.