शाहू छत्रपतींचा श्वान

बंगळूरच्या शासकीय संग्रहालयात आतकूरचा शिलालेख जतन केलेला आहे. मंड्या जिल्ह्यातील आतकूर या गावी सापडलेला हा दगड इसवी सन ९४९-५० च्या सुमाराचा. तक्कोलमच्या रणांगणावर राष्ट्रकूट सम्राट तिसरा कृष्ण याने चोळांचा पाडाव केला. त्या युद्धात पराक्रम गाजविणाऱ्या मणलेर नावाच्या वीराला गंग राजा बुतुग याने हवे ते मागण्यास सांगितले, तेव्हा त्याने मागितला तो राजाच्या पदरी असलेला ‘काळी’ नावाचा शिकारी कुत्रा. पुढे एका रानडुकराशी झुंजताना कुत्रा आणि डुक्कर दोघेही मेले. त्या कुत्र्याच्या स्मरणार्थ हा दगड उभा राहिला आणि त्याच्या पूजेसाठी जमीन लावून देण्यात आली. आपल्याकडे वीरगळ पुष्कळ आहेत; कुत्र्याचे इतके तपशीलवार स्मारक मात्र विरळाच.

याच शहरात १९४८ साली आखलेले जयनगर आहे. तेथील उद्यानांभोवती सकाळी पट्ट्याला बांधलेली कुत्री आणि त्यांच्यामागून ओढली जाणारी माणसे दिसतात. या उपनगराच्या शेजारीच मानसिक आरोग्याची राष्ट्रीय संस्था, निम्हान्स, उभी आहे. जुने मनोरुग्णालय आणि अखिल भारतीय मानसिक आरोग्य संस्था यांच्या एकत्रीकरणातून ती १९७४ मध्ये आकारास आली. कुत्रा पाळल्याने माणसाच्या मनाला आधार मिळतो काय, हा प्रश्न मानसशास्त्राने विचारार्थ घेतला त्याला फार काळ लोटलेला नाही. मराठी इतिहासाने मात्र त्याचे एक उत्तर अडीचशे वर्षांपूर्वीच नोंदविले आहे. दुर्दैवाने ते नोंदविले गेले वेडेपणाच्या सदरात.

ज्या शहाजीराजांनी बंगळूरची जहागीर सांभाळली, त्यांचे पणतू म्हणजे साताऱ्याचे शाहू छत्रपती. १८२६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या मराठ्यांच्या इतिहासात ग्रँट डफ यांनी शाहूंच्या अखेरच्या वर्षांचे वर्णन केले आहे. धाकट्या राणीच्या निधनाच्या शोकाने त्यांचे मन दुबळे झाले, असे ते सांगतात, आणि त्या दुबळेपणाचे पहिले लक्षण म्हणून एक प्रसंग देतात. दोन सरदारांच्या सन्मानार्थ भरणाऱ्या दरबारासाठी महाराजांनी आपल्या आवडत्या कुत्र्याला जरीची वस्त्रे आणि जडजवाहीर घातले, स्वतःची पगडी त्याच्या डोक्यावर ठेवली, आणि ती पुन्हा कधी परिधान केली नाही. या कुत्र्याने पूर्वी वाघाच्या शिकारीत त्यांचे प्राण वाचविले होते. त्याबद्दल त्याला जहागिरीची सनद आणि पालखीचा मान देण्यात आला. साताऱ्याची परंपरा त्याला ‘खंड्या’ म्हणते, आणि संगम माहुलीला त्याची समाधी दाखविली जाते. रायगडावरच्या वाघ्याला समकालीन पुरावा नाही. खंड्याच्या बाबतीत निदान एका इतिहासकाराची लेखी साक्ष आहे.

ही साक्ष ग्राह्य मानली, तरी तिच्यावरून काढलेले अनुमान मान्य करावे काय? शाहूंचे आयुष्य पाहावे. १६८९ मध्ये रायगड पडला, तेव्हा सात वर्षांचा हा राजपुत्र आई येसूबाईंसह मोगलांच्या कैदेत गेला. १७०७ मध्ये औरंगजेबाच्या मृत्यूनंतर त्याची सुटका झाली, पण आई मागेच राहिली. ती परतण्यास १७१९ साल उजाडले. पुढे चार दशके राज्याचा विस्तार होत गेला, परंतु घर रिकामेच राहिले. गादीला औरस वारस नव्हता. अखेरच्या काळात वारसाच्या प्रश्नावरून एकीकडे सकवारबाई, दुसरीकडे ताराबाई, तिसरीकडे पेशवे अशी रस्सीखेच होती. महाराजांजवळ जो जो येई, त्याच्या मनात काही ना काही मागणे असे. अशा माणसाला मागणे नसलेला एकच सोबती उरला असेल, आणि त्याने पूर्वी जीवही वाचविला असेल, तर त्याच्या डोक्यावर पगडी ठेवण्यात भ्रम किती आणि दरबारावरचे बोचरे भाष्य किती, हे ठरविणे सोपे नाही. मला तर त्या कृतीत कैवार दिसतो. अर्थात अडीच शतकांनंतर रोगनिदान करण्याचा अधिकार ग्रँट डफ यांना जितका नव्हता, तितकाच आपल्यालाही नाही.

आधुनिक वैद्यकाला या सोबतीचे मोल उशिरा कळले. इंग्लंडमधील यॉर्क येथे १७९६ मध्ये सुरू झालेल्या ‘रिट्रीट’ या मनोरुग्णांच्या आश्रमात आवारात ससे, कोंबड्या सोडलेल्या असत. साखळदंडांऐवजी माणुसकीने वागवावे, असा तेथील विचार होता. फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनीही दीर्घकाळच्या रुग्णाला लहानशा पाळीव प्राण्याची संगत हितकर असते, असे नमूद केले. न्यूयॉर्कचे मानसशास्त्रज्ञ बोरिस लेव्हिन्सन यांनी आपल्या ‘जिंगल्स’ या कुत्र्याच्या उपस्थितीत अबोल मुले बोलती होतात, हे १९६० च्या दशकाच्या आरंभी मांडले, तेव्हा सहव्यावसायिकांनी त्यांची थट्टाच केली. १९८० मध्ये एरिका फ्रीडमन आणि सहकाऱ्यांनी हृदयविकाराच्या ९२ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. प्राणी पाळणाऱ्या ५३ जणांपैकी वर्षभरात ३ दगावले, न पाळणाऱ्या ३९ पैकी ११. पुढे २०१५ मध्ये जपानी संशोधकांनी दाखविले, की कुत्रा आणि धनी एकमेकांकडे टक लावून पाहतात तेव्हा दोघांच्याही शरीरात ऑक्सिटोसिन वाढते. माता आणि अर्भक यांच्या स्नेहाशी निगडित असलेले हेच द्रव्य.

पुढच्या सर्वच अभ्यासांनी इतका ठळक लाभ दाखविलेला नाही. ज्याची प्रकृती बरी, तोच कुत्रा पाळण्याच्या खटाटोपात पडतो, हीही शक्यता उरतेच. शिवाय कुत्र्याचे आयुष्य बारा-पंधरा वर्षांचे. त्याचा मृत्यू घरातल्या माणसाच्या मृत्यूसारखा सोसावा लागतो, आणि त्या शोकाला समाजात सुतक नसते. मणलेराने दगड उभारला, साताऱ्याने समाधी बांधली. बिनसुतकी शोकाला जागा करून देण्याचेच हे दोन मार्ग होते.

शाहू छत्रपती १५ डिसेंबर १७४९ रोजी निवर्तले. खंड्याला दिलेल्या सनदांविषयी ग्रँट डफ एक तपशील जाता जाता देऊन जातात: दरबाराने महाराजांची मर्जी राखली, आणि कुत्र्याच्या पालखीचा सरंजाम रीतसर चालू ठेवला.