आहारनोंदींतील त्रुटी
आहारनोंदींतील त्रुटी : व्यक्तीने स्वतः सांगितलेला वा लिहून ठेवलेला आहार आणि तिने प्रत्यक्ष घेतलेला आहार यांतील तफावत. पदार्थ तोलून रोज नोंदणे, मागील चोवीस तासांतील खाणे आठवून सांगणे, कोणता पदार्थ किती वेळा खाल्ला जातो याची प्रश्नावली भरणे, या प्रचलित पद्धतींचा आधार अखेर खाणाऱ्याचे कथन हाच असतो.

अशी एक नोंद दुसरीशी ताडून पाहता येते. पण दोन्ही सारख्याच चुकलेल्या असल्या, तर त्या जुळतातच. कथनाबाहेरील कसोटी मिळाली ती समस्थानिकांमुळे. मिनेसोटा विद्यापीठातील नेथन लिफसन व त्यांचे सहकारी यांनी १९५५ मध्ये उंदरांना जड हायड्रोजन व जड ऑक्सिजन असलेले पाणी दिले. यांतील हायड्रोजन शरीरातून पाण्यावाटेच जातो; ऑक्सिजन मात्र पाण्याबरोबर कार्बन डाय-ऑक्साइडावाटेही जातो. दोहोंच्या घटण्यातील फरकावरून कार्बन डाय-ऑक्साइडाचे उत्पादन व त्यावरून ऊर्जाव्यय काढता येतो. जड ऑक्सिजन महाग असल्याने ही रीत मानवापर्यंत येण्यास १९८२ साल उजाडले. वजन स्थिर असणाऱ्या व्यक्तीत ऊर्जाव्यय व ऊर्जासेवन समान असल्यामुळे आता नोंदींची सत्यता पडताळणे शक्य झाले.

तोवरच्या कित्येक पाहण्यांत स्थूल व्यक्तींचा आहार कृश व्यक्तींहून अधिक आढळत नसे. त्यावरून त्यांचा चयापचय मंद असावा, असे अनुमान केले जाई. केंब्रिज येथील अँड्र्यू प्रेंटिस व त्यांचे सहकारी यांनी १९८६ मध्ये स्त्रियांवर ही पद्धती वापरली, तेव्हा स्थूल स्त्रियांचा ऊर्जाव्यय उलट अधिक भरला. कृश स्त्रियांच्या नोंदी व्ययाशी जवळजवळ जुळल्या. स्थूल स्त्रियांच्या सुमारे एक-तृतीयांशाने कमी होत्या. जिच्यावर उपपत्ती उभी होती, ती नोंदच सदोष ठरली. याला खोटेपणा म्हणणे अन्यायाचे होईल. विस्मरण, संकोच आणि नोंद ठेवू लागताच खाणेच कमी होणे, ही कारणेही त्यात मिसळलेली असतात.

अमेरिकेतील मेरिलंड राज्यात ४८४ प्रौढांवर केलेल्या व २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात चोवीस तासांच्या स्मरणपद्धतीत पुरुषांनी ऊर्जासेवन १२ ते १४ टक्के, तर स्त्रियांनी १६ ते २० टक्के कमी सांगितल्याचे आढळले. प्रश्नावलीत ही तूट ३१ ते ३८ टक्क्यांपर्यंत गेली. मूत्रातील नायट्रोजनावरून काढलेल्या प्रथिनसेवनाशी ताडता प्रश्नावलीतील प्रथिनांची तूट ऊर्जेहून काहीशी कमी होती. म्हणजे सर्व पदार्थ सारख्याच प्रमाणात गाळले जात नाहीत. अशी एकाच दिशेने झुकलेली त्रुटी पाहणीतील व्यक्तींची संख्या वाढवून नाहीशी होत नाही. आहार व रोग यांतील संबंध तीमुळे फिका किंवा विकृत दिसतो.

भारतात १९७२ मध्ये स्थापन झालेल्या राष्ट्रीय पोषण संनियंत्रण केंद्राच्या पाहण्यांत प्रमाणित मापाच्या वाट्या दाखवून स्मरण ताजे केले जाई. वाटीने परिमाणाची चूक आवरते. न सांगितलेला पदार्थ मात्र तिच्यात येत नाही.