बाझेलचा चित्रसंग्रह आणि नागरी स्वामित्व

युरोपातील बहुतेक विख्यात चित्रसंग्रहांच्या मुळाशी एखादे राजघराणे आढळते. लूव्हर, प्राडो, व्हिएन्ना ही त्याची ठळक उदाहरणे होत. स्वित्झर्लंडमधील बाझेल नगराच्या कलासंग्रहालयाची कुळकथा मात्र निराळी आहे. तेथे संग्रह करणारा राजा नव्हता. होते ते एक विद्यापीठ, छापखाने आणि व्यापारी.

या संग्रहाचा गाभा म्हणजे आमरबाख घराण्याचा ठेवा. बोनिफाकियुस आमरबाख हा एरॅस्मसचा स्नेही व वारस. त्याचा पुत्र बाझिलियुस (१५३३–१५९१) याने होल्बाइनची चित्रे व रेखने चिकाटीने जमविली. पुढे हा ठेवा अ‍ॅम्स्टरडॅमला विकला जाण्याचा संभव दिसू लागला, तेव्हा नगरप्रमुख वेटश्टाइन याच्या पुढाकाराने नगर व विद्यापीठ यांनी १६६१ मध्ये तो ९,००० टालर देऊन विकत घेतला. १६७१ पासून तो लोकांस पाहावयास खुला झाला. यावरून बाझेलला जगातील पहिले सार्वजनिक कलासंग्रहालय म्हणण्याचा प्रघात आहे. तो जपूनच स्वीकारावा लागतो. ग्रंथ, नाणी व चित्रे यांचा तो संमिश्र संग्रह प्राधान्याने विद्वानांच्या उपयोगाचा होता. तथापि स्वामित्व सार्वजनिक होते, यात शंका नाही.

आज होल्बाइनच्या दालनात शिरणारा प्रेक्षक 'थडग्यातील मृत ख्रिस्त' (१५२१–२२) या चित्रापुढे थबकतो. लांबी सुमारे दोन मीटर, उंची जेमतेम तीस सेंटिमीटर. काळवंडू लागलेला हात, उघडे राहिलेले तोंड. १८६७ मध्ये डोस्टोएव्हस्की हे चित्र पाहून हादरला होता. बाझिलियुसच्या यादीत त्याची नोंद मुख्यतः एका प्रेताचे चित्र अशी आहे. १५२९ मध्ये याच नगरात धर्मसुधारणेच्या आवेशात चर्चमधील मूर्ती व चित्रे फोडण्यात व जाळण्यात आली होती, हे ध्यानी घेतले म्हणजे त्या कोरड्या नोंदीचे महत्त्व उमगते. उपासनेची वस्तू संग्राह्य वस्तू होऊ लागली होती.

१९३९ चा प्रसंग अधिक अवघड आहे. नाझी राजवटीने जर्मन संग्रहालयांतून 'अधःपतित' ठरवून काढलेल्या कृतींपैकी एकवीस कृती संचालक गेऑर्ग श्मिट याने ५०,००० फ्रँकच्या सरकारी अनुदानातून घेतल्या. फ्रान्स मार्क व कोकोश्का यांची महत्त्वाची चित्रे त्यामुळे बाझेलला आली; परंतु पैसा त्याच राजवटीकडे गेला. हा व्यवहार म्हणजे केवळ उद्धार, असे म्हणणे इतिहासाला धरून होणार नाही. संग्रहालयानेच २०२२ मध्ये एका प्रदर्शनाद्वारे त्याची छाननी केली.

१९६७ मध्ये श्टेहेलिन कुटुंबाच्या न्यासाने संग्रहालयात ठेवलेली पिकासोची दोन चित्रे विक्रीस निघाली. किंमत ८४ लाख फ्रँक ठरली. ६० लाख शासनाने द्यावेत व उरलेले नागरिकांनी जमवावेत, अशी योजना होती. विरोधकांनी सह्या गोळा करून सार्वमत घडवून आणले. १७ डिसेंबर रोजी ३२,११८ मते अनुकूल, २७,१९० प्रतिकूल पडली. या मतदानात स्त्रियाही होत्या. त्यांना तेथे प्रादेशिक मताधिकार मिळून जेमतेम दीड वर्ष झाले होते. निकाल ऐकून पिकासोने आणखी चार कृती बाझेलला भेट दिल्या. या उत्साहाच्या वर्णनात ते सत्तावीस हजार विरोधक सहसा गळतात. वस्तुतः चित्राच्या किमतीवर करदात्याने नकार नोंदविणे, हाही त्या स्वामित्वाचाच वापर होता. १६६१ च्या खरेदीत सामान्य नागरिकास तशी मुभा नव्हती.