न्हाणीपासून ओट्यापर्यंत: गोव्यातील सिमेंटच्या थराचा इतिहास

झिजलेल्या पृष्ठभागावर पातळ थर घोटून न्हाणी किंवा ओटा नवा करण्याची रीत गोव्यात सिमेंटच्या आधीची आहे. पेडणे-डिचोलीकडची मातीची जमीन शेणाने सारवत. सारवण झिजले की त्यावरच पुन्हा सारवण पडे. जिथे पाणी सांडे तिथे मात्र चुना लागे. गोव्यात चुनखडीचे मोठे साठे नसल्याने चुना शिंपल्या भाजून मिळवत. विरवलेला चुना वाळूत कालवून घोटला की तो हवेतील कार्बन डायऑक्साइड शोषत महिनोन्‌महिने कठीण होत जाई. लोहयुक्त तांबडी काव याच चुन्यात मिसळून मंदिरांच्या भिंतींवर कावीची नक्षी कोरली गेली.

घरांच्या भिंती जांभ्या दगडाच्या. जांभा सच्छिद्र असतो आणि गोव्यात वर्षाला सुमारे ३,००० मिलिमीटर पाऊस पडतो, म्हणून गिलावा ही तिथे शोभेची नव्हे, संरक्षणाची बाब होती. जुन्या गोव्यातील बॉम जेझू बॅसिलिकेचा गिलावा १९५०च्या दशकात काढून टाकला गेला आणि उघडा पडलेला जांभा तेव्हापासून झिजतो आहे.

पोर्टलंड सिमेंटचे पेटंट जोसेफ अ‍ॅस्पडिन याने १८२४ मध्ये इंग्लंडमध्ये घेतले. भारतात पोरबंदरच्या कारखान्यातून १९१४ पासून सिमेंट निघू लागले. मुरगाव बंदर आणि तिथून कॅसलरॉकपर्यंतची रेल्वे १८८०च्या दशकात उभी राहिली होती, त्यामुळे समुद्र आणि घाट दोन्हींकडून माल येण्याची सोय गोव्याकडे होती. १९५५ मध्ये भारताने पोर्तुगीज गोव्याची आर्थिक नाकेबंदी केली, तेव्हा घाटाची वाट बंद झाली आणि सगळा भार मुरगावावर आला. त्या वर्षांत तांदूळ पाकिस्तानातून, चहा सिलोनमधून, पोलाद बेल्जियममधून आणि सिमेंट जपानमधून आणले जाई. डिचोलीच्या खाणींतले लोहखनिज याच मुरगावातून जपानला जात होते. घरातल्या घोटलेल्या सिमेंटच्या जमिनीचा, म्हणजे कोब्याचा, संबंध जगाच्या व्यापाराशी इतका थेट क्वचितच लागला असेल.

या कोब्याचा प्रकार म्हणजे ‘इंडियन पेटंट स्टोन’, गवंड्यांच्या तोंडी आयपीएस. एक भाग सिमेंट, दोन भाग वाळू आणि चार भाग बारीक खडी यांचा थर घालून तो ओला असतानाच वर निव्वळ सिमेंट भुरभुरवत आणि थापीने घोटत. त्यात लोहाचे तांबडे ऑक्साइड मिसळले की लाल कोबा तयार होई. कावीला सरावलेल्या डोळ्यांना हा रंग परका नव्हता. चुन्याच्या मानाने सिमेंट फार लवकर घट्ट होते, पण पाणी लागते ते घट्ट होण्यासाठीच, आणि त्यात हयगय झाली की बारीक तडे जातात. म्हणून कोब्यावर पाणी साठवून ठेवत.

या कामाचे यश वरच्या थरापेक्षा खालच्या थरावर अवलंबून असते. गुळगुळीत जुन्या पृष्ठभागावर नवे सिमेंट धरत नाही. आधी टाचे मारून तो खडबडीत करावा लागतो, धूळ धुवावी लागते आणि सिमेंटचे पाणी लावावे लागते. चुन्याच्या जुन्या भिंतीबाबत अडचण उलटी आहे. सिमेंट चुन्याहून कडक आणि कमी श्वास घेणारे, त्यामुळे ओल आत कोंडते, क्षार साठतात आणि थर खालच्या चुन्यासकट सुटून येतो. जुनी घरे दुरुस्त करताना ही चूक वारंवार झाली आहे, आणि ती टाळता येण्याजोगी होती.

पुढे मोझेक आणि मग चकचकीत सिरॅमिक फरशा आल्या, तसा घोटलेला कोबा मागे पडला. अलीकडे पॉलिमर मिसळलेल्या सिमेंटचे काही मिलिमीटर जाडीचे थर जुन्या फरशीवर, बेसिनवर, ओट्यावर देऊ लागले आहेत. चकाकी घासून काढणे, प्राइमर लावणे, थर घोटणे आणि शेवटी सीलर देणे हा क्रम जुन्या कोब्याचाच विस्तार आहे. सीलर मात्र इथे टाळता येत नाही. सिमेंट अल्कधर्मी असल्याने आम्ल त्याला खाते, आणि गोव्याच्या स्वयंपाकघरात आमसूल, लिंबू व माडाच्या सुरेचा व्हिनेगर रोजचे आहेत.

जांभा आणि चुना शाबूत असलेल्या जुन्या न्हाणीला चुन्याचाच गिलावा द्यावा. सिमेंटचा थर सिमेंटच्या, काँक्रीटच्या किंवा फरशीच्या पक्क्या पायावरच टिकतो.