शिका नावाचं गाव

जपानच्या पश्चिम किनाऱ्यावर, इशिकावा प्रांतात, नोतो नावाचं एक लांबट द्वीपकल्प समुद्रात शिरलेलं आहे. त्याच्यावर एक छोटंसं गाव आहे, त्याचं नाव शिका! जन्मभर पोरांना "अरे शिका रे" म्हणत आलेल्या माझ्यासारखीला हे नाव वाचून हसू येणारच. 1 जानेवारी 2024 ला नोतोमध्ये मोठा भूकंप झाला, तेव्हा तिथल्या अणुवीज केंद्रामुळे हे नाव बातम्यांत आलं. केंद्रातल्या दोन्ही भट्ट्या 2011 पासून बंदच होत्या. "बंदच होत्या, मग काळजी कसली?" असं माझ्या भाच्याने विचारलं. मग मी शिकाबद्दल वाचत गेले आणि 1999 सालच्या एका रात्रीपाशी येऊन थांबले. त्या रात्रीही तिथली भट्टी बंदच होती.

आधी थोडं समजून घेऊ. मी विज्ञानाची नव्हे, इतिहास-मराठीची शिक्षिका, त्यामुळे मला जसं समजलं तसंच सांगते.

अणुभट्टीतलं इंधन चुलीतल्या लाकडासारखं रोज घालावं लागत नाही. शिकासारखी उकळत्या पाण्याची भट्टी साधारण वर्ष-दीड वर्ष चालते, मग ती थांबवतात, वरचं जाडजूड झाकण उघडतात, जुन्या इंधनाचा काही भाग काढून नवा घालतात आणि उरलेल्याच्या जागा बदलतात. आपल्या तारापूरच्या पहिल्या दोन भट्ट्या (1969 सालच्या) याच जातीच्या. तिथल्याच तिसऱ्या आणि चौथ्या भट्ट्यांचं तंत्र मात्र वेगळं आहे. त्यात जड पाणी असतं आणि भट्टी चालू असतानाच यंत्राने एका बाजूने नवं इंधन सरकवतात, दुसऱ्या बाजूने जुनं काढून घेतात. एकाच आवारात दोन तऱ्हा!

भट्टी थांबवायची म्हणजे काय, तर न्यूट्रॉन गिळणाऱ्या पदार्थाच्या कांड्या इंधनामध्ये घालायच्या. कांड्या आत तर साखळी थांबलेली, बाहेर काढल्या तर सुरू. आता गंमत अशी, की थंड आणि नुकतंच नवं इंधन भरलेली भट्टी ही चालू भट्टीपेक्षा पेटायला जास्त उत्सुक असते. पाणी थंड असलं की ते दाट असतं आणि न्यूट्रॉनचा वेग जास्त चांगला कमी करतं. त्यामुळे साखळी जुळायला सोपं जातं. म्हणजे जेव्हा आपण "बंद आहे" म्हणून निश्चिंत होतो, नेमकं तेव्हाच कांड्यांवर सगळी भिस्त असते. आणि झाकणही उघडं!

म्हणून एक नियम असतो. सगळ्यात प्रभावी अशी एक कांडी पूर्ण बाहेर राहिली, तरीही भट्टी पेटता कामा नये. वहीच्या पानाला आपण समास सोडतो ना, तसा हा सुरक्षेचा समास. इंधन बदलताना यंत्रणेत कुलूपही असं असतं, की एका वेळी एकच कांडी बाहेर काढता यावी, दुसरी काढू म्हटलं तरी हलू नये.

या नियमामागे माणसं गेलेली आहेत. 3 जानेवारी 1961 ला अमेरिकेतल्या आयडाहो राज्यात लष्कराच्या एका छोट्या भट्टीवर, एसएल-1 वर, तीन जण काम करत होते. भट्टी काही दिवस बंद होती, ती पुन्हा सुरू करायची तयारी चालली होती. मधली कांडी हाताने थोडीशी उचलून जोडायची होती. ती सुमारे 20 इंच उचलली गेली. त्या भट्टीत ती एकच कांडी पुरेशी होती... सेकंदाच्या काही हजाराव्या भागात पाण्याची वाफ होऊन स्फोट झाला आणि तिघेही गेले. कांडी इतकी का उचलली गेली, याचं उत्तर सांगायला कोणी उरलं नाही. एकाच कांडीवर सगळं अवलंबून असणारी भट्टी बांधायची नाही, हा धडा मात्र सगळ्यांनी घेतला.

आता शिकाकडे येऊ. 18 जून 1999, रात्रीचे सव्वादोन. होकुरिकू वीज कंपनीची 540 मेगावॅटची पहिली भट्टी नेहमीच्या तपासणीसाठी थांबवलेली होती. झाकण काढलेलं, इंधन आत. गंमत म्हणा की दैवाचा खेळ म्हणा, तयारी चालली होती ती भट्टी थांबवण्याची व्यवस्था आणखी बळकट करण्यासाठी केलेल्या कामाच्या चाचणीची!

या जातीच्या भट्टीत कांड्या खालून वर शिरतात, पाण्याच्या दाबाने. शिकाला अशा 89 कांड्या. चाचणीत एकच हलावी म्हणून बाकीच्यांच्या झडपा एकेक करून बंद करत आणल्या होत्या. पाण्याला परत जायची वाट उघडी नव्हती. झडपा बंद होत गेल्या तसा दाब साठत गेला आणि त्या दाबाने तीन कांड्या खाली सरकल्या. नियंत्रण कक्षातून कोणी त्या काढल्या नव्हत्या. "एका वेळी एकच" हे कुलूप कक्षातून दिलेल्या आज्ञेला अडवतं, झडपांच्या वाटेने घुसलेल्या दाबाला ते काय अडवणार? आणि समास तर एका कांडीचा, इथे तीन गेलेल्या.

भट्टी पेटली. न्यूट्रॉन वाढल्याबरोबर "थांबवा" असा इशारा आपोआप सुटला. पण कांड्या वर जाईनात. ज्या झडपांतून त्यांना ढकलणारं पाणी यायचं त्या बंद, आणि अशा वेळेसाठी दाब साठवून ठेवणाऱ्या टाक्याही भरलेल्या नव्हत्या. मग झडपा पुन्हा उघडायची धावपळ. कांड्या जागेवर जाईपर्यंत पंधरा मिनिटं गेली.

पंधरा मिनिटं म्हणजे शाळेतला अर्धा तास सुद्धा नाही. नशिबाने भट्टीची शक्ती पूर्ण क्षमतेच्या एका टक्क्यापेक्षाही कमी राहिली. इंधनाला धक्का लागला नाही, कोणाला इजा झाली नाही. इथे गोष्ट संपली असती तर ती तंत्रज्ञांच्या बैठकीपुरती राहिली असती.

पण खरी गोष्ट पुढेच आहे. केंद्रातल्या वरिष्ठांनी हे बाहेर सांगायचं नाही असं ठरवलं. पाळीच्या नोंदवहीत काही लिहिलं नाही. न्यूट्रॉन मोजणाऱ्या यंत्राच्या कागदावर आलेख तर उमटलेला होता, तिथे "तपासणी" असा शब्द लिहून ठेवला. शेजारी दुसऱ्या भट्टीचं बांधकाम ऑगस्टमध्ये सुरू व्हायचं होतं, हेही लक्षात घ्यावं.

त्यानंतर साडेतीन महिनेही झाले नव्हते. 30 सप्टेंबर 1999 ला जपानमध्येच तोकाइमुरा इथे, इंधन तयार करणाऱ्या कारखान्यात, कामगारांनी नेहमीची रीत सोडून बादलीने युरेनियमचं द्रावण टाकीत ओतलं. तिथेही साखळी सुरू झाली. दोन कामगार पुढे दगावले. सगळा देश हादरला. शिकाच्या त्या लोकांनी त्या वेळी वर्तमानपत्रं वाचली असतीलच. काय वाटलं असेल त्यांना? तरीही ते गप्प राहिले.

वाचा फुटली ती 2007 मध्ये. वीज कंपन्यांनी जुन्या नोंदींत फेरफार केल्याची प्रकरणं एकामागून एक बाहेर येत होती, सरकारने सगळ्यांना आपापलं जुनं दप्तर तपासायला सांगितलं होतं. 15 मार्च 2007 ला होकुरिकूने ही हकीगत जाहीर केली. भट्टी थांबवून तपासणी करण्याचा आदेश निघाला. आंतरराष्ट्रीय मोजपट्टीवर त्या घटनेला दुसरी पायरी दिली गेली.

आणि मग एकेक बाकीचेही बोलू लागले. ओनागावा, 1988. हामाओका, 1991. तिथेही थांबलेल्या भट्टीत कांड्या अशाच सरकल्या होत्या. सगळ्यात जुनी कबुली टोकियोच्या वीज कंपनीची होती. 2 नोव्हेंबर 1978 ला फुकुशिमा दाईइचीच्या तिसऱ्या भट्टीत पाच कांड्या सरकल्या आणि ती भट्टी सुमारे साडेसात तास पेटलेल्या स्थितीत होती. साडेसात तास! आणि 28 वर्षं त्याचा उच्चार नाही.

इथे मी वाचता वाचता थांबले. 1978 ते 1999 म्हणजे एकवीस वर्षं. त्या एकवीस वर्षांत फुकुशिमाच्या पानावर जे घडलं ते सगळ्यांना कळलं असतं, तर कुठल्या झडपा आधी बंद करायच्या, परतीची वाट उघडी ठेवायची, टाक्या भरून ठेवायच्या, हे प्रत्येक केंद्राच्या सूचनांत छापलं गेलं असतं. शिकाला त्या रात्री काम करणाऱ्या माणसाच्या हातात तो कागद असता. प्रत्येकाने आपली चूक आपल्यापाशी ठेवली, म्हणून पुढच्याला ती पहिल्यापासून करावी लागली.

आमच्या शाळेत शेरेबुक असे. तपासणीला आलेले साहेब त्यात शेरा मारून जात. वाईट शेरा आला की सगळ्यांची तोंडं उतरत, पण पान फाडायची कोणाची टाप नव्हती, कारण पुढच्या वर्षी येणारे साहेब तेच पान आधी उघडत. इतिहास शिकवताना मी मुलांना सांगत असे, की बखरीत काय लिहिलंय याच्याइतकंच काय लिहिलेलं नाही तेही बघा. शिकाची नोंदवही हे त्याचं उत्तम उदाहरण ठरावं.

त्या लोकांना खलनायक ठरवावं असं मला वाटत नाही. रात्री सव्वादोनला धावत जाऊन झडपा उघडणारेही त्यांच्यातलेच होते, त्यांनी भट्टी सावरली. सकाळी वरिष्ठांनी नोंद मात्र सावरली नाही. कांडीची भूल पंधरा मिनिटांत दुरुस्त झाली, कागदाच्या दुरुस्तीला जवळजवळ आठ वर्षं लागली. भाच्याला मी एवढंच कळवलं, की भट्टी बंद असतानाही माणूस जागा लागतो, आणि काय घडलं ते त्याला निर्भयपणे लिहिता यायला हवं.

असो. लेख लांबला. तारापूरला किंवा अशा कुठल्या केंद्रात नोकरी केलेलं कोणी हे वाचत असेल, तर तुमच्याकडे इंधन बदलण्याचे दिवस कसे असत ते जरूर लिहा. वाचायला आवडेल.